बिडी सोडा, विश्रांती सोडू नका

(शाखेच्या कामगार शिक्षण शिबिरात केलेले भाषण)



सकाळी पेन्शनवर बोलणे झाले, दुपारी बदल्यांच्या धोरणावर होणार आहे. मध्येच हा बिडी-सिगारेटचा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. उपदेश ऐकायला तुम्ही रजा टाकून आलेले नाहीत आणि उपदेश करण्याचा मला अधिकारही नाही. मी रेल्वेच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे नोकरी केली. खोकला, दमा, छातीतले दुखणे घेऊन आलेल्या माणसाच्या केसपेपरवर डॉक्टर चार औषधे लिहीत आणि शेवटी एक ओळ लिहीत : धूम्रपान बंद करा. एकदा एका गँगमनने तो कागद माझ्यापुढे धरला, त्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "भाऊ, बाकीच्या गोळ्या मिळाल्या. हे कोणत्या खिडकीवर मिळते?" रांगेतले लोक हसले. पण त्याचा प्रश्न बरोबर होता. सोडा, असे सगळे सांगतात. कशी सोडायची ते कोणी सांगत नाही. आज मला तेवढेच सांगायचे आहे.

बिडी आपल्याला काय देते?

सोडायची असेल तर ती आपण कशासाठी धरली आहे ते आधी पाहिले पाहिजे. उन्हातान्हात रुळावर काम करणारा माणूस "पाच मिनिटे बसतो" म्हणाला, तर मुकादम वर मान करून पाहतो. तोच माणूस "एक बिडी ओढतो" म्हणाला, तर कोणी काही बोलत नाही. सॉर्टिंगच्या टेबलापाशी तासन् तास उभा असलेला माणूस गेटबाहेरच्या टपरीवर जातो, तो निम्मा धुरासाठी आणि निम्मा पाय मोकळे करण्यासाठी. रात्री दोन वाजता फाटकावर एकटा असलेला गेटमन बिडी पेटवतो ती डोळा लागू नये म्हणून. रनिंग रूममध्ये नवख्या माणसाची ओळख होते ती काडेपेटी मागण्यावरून.

म्हणजे बिडीच्या नावाखाली आपण विश्रांती, जागरणाला आधार आणि माणसांची सोबत अशा तीन गोष्टी घेत असतो. या तिन्ही गोष्टी कामगाराच्या गरजेच्या आहेत. जो माणूस बिडीबरोबर याही सोडून देतो, तो आठ दिवसांत परत फिरतो. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, बिडी सोडा, विश्रांती सोडू नका. पाच मिनिटांची सुटी तशीच घ्या. फक्त त्या पाच मिनिटांत काय करायचे ते आधी ठरवून ठेवा.

चौथी गोष्ट मात्र बिडीतली स्वतःची आहे, ती म्हणजे निकोटिन. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोचते आणि बरे वाटते. साधारण दोन तासांत रक्तातले निकोटिन निम्म्यावर येते. मग चुळबुळ सुरू होते, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. पुढची बिडी पेटवली की ही चुळबुळ थांबते आणि आपल्याला वाटते, बिडीने डोके शांत झाले. खरे पाहता आधीच्या बिडीने लावलेली आगच पुढच्या बिडीने विझवलेली असते. हे एकदा ध्यानात आले की "टेन्शन आहे म्हणून ओढतो" या बोलण्यातला फोलपणा आपला आपल्यालाच कळतो.

ती किती घेते?

पुष्कळांना वाटते की सिगारेट वाईट, बिडी त्या मानाने हलकी; पानाचीच तर असते. ही समजूत चुकीची आहे. बिडीत तंबाखू कमी असते हे खरे. पण तेंदूच्या पानातून हवा आत शिरत नाही आणि बिडी विझू नये म्हणून वरचेवर जोरात ओढावे लागते. त्यामुळे सिगारेटपेक्षा अधिक कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर छातीत उतरते. आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार बिडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी ६ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्याचे १० वर्षांनी कमी होते. बिडी ओढणाऱ्या स्त्रियांची ८ वर्षे जातात. तामिळनाडूतील दुसरा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत क्षयाने मरण्याचे प्रमाण इतरांच्या चौपटीच्या आसपास असल्याचे त्यात दिसले. आपल्या चाळीत आणि क्वार्टरमध्ये क्षय काय करतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

आपण साठाव्या वर्षी निवृत्त होतो. पेन्शन जुनी असो की नवी, तिच्यासाठी आपण मोर्चे काढतो, धरणी धरतो. पण ती घ्यायला माणूस राहिला पाहिजे. बिडीने नेलेली सहा वर्षे बहुतेक वेळा याच पेन्शनच्या वर्षांतून जातात आणि जाण्याआधीची काही वर्षे दम लागून, खाटेवर बसून काढावी लागतात.

आता दुसरी बाजू ऐका, कारण ती आशेची आहे. ब्रिटनमध्ये सर रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४ हजारांवर पुरुष डॉक्टरांच्या धूम्रपानाची आणि मृत्यूंची नोंद १९५१ पासून पन्नास वर्षे ठेवली. त्यातून २००४ साली जो निष्कर्ष आला तो असा : तिसाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्याला सुमारे १० वर्षे परत मिळतात, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला ९, पन्नासाव्या वर्षी ६ आणि साठाव्या वर्षी सोडली तरी ३. तेव्हा "आता या वयात सोडून काय उपयोग?" असे म्हणणाऱ्या मुकादमकाकांना सांगा, तीन वर्षांची पेन्शन अजून तुमच्या हातात आहे.

पैशाचा हिशेब ज्याचा त्याने करावा. समजा, बिडी, काडेपेटी आणि तिच्यासोबतचा जादा चहा मिळून रोजचे ४० रुपये जातात. वर्षाचे झाले १४,६०० रुपये. महागाई भत्त्याचा हप्ता लांबला की आपण रास्तच ओरडतो. हाही एक हप्ताच आहे.

आधी आठ दिवसांची नोंद

आता कामाला लागू. पहिले आठ दिवस काहीच सोडायचे नाही. फक्त नोंद ठेवायची. खिशात एक चिठोरा ठेवा आणि प्रत्येक बिडीपुढे चार गोष्टी लिहा : किती वाजता, कुठे, कोणाबरोबर आणि कशासाठी. मस्टर आपण रोज भरतो, हे बिडीचे मस्टर समजा.

आठ दिवसांनी तो कागद वाचा. वीस बिड्यांपैकी सात-आठ अशा निघतील की कोणीतरी पुढे केली म्हणून घेतली, गाडी लेट होती म्हणून पेटवली. त्या सोडायला फारसे कष्ट नाहीत. पाच-सहा मात्र खऱ्या अडचणीच्या असतील : पहाटे उठल्याबरोबरची, जेवणानंतरची, चहाबरोबरची, रात्री दोन ते चारची. लढा या पाच-सहा ठिकाणी द्यायचा आहे. प्रत्येकीपुढे त्या वेळी काय करणार ते लिहा.

तारीख ठरवा

संपाची नोटीस देताना आपण तारीख घालतो. इथेही तारीख हवी. ती दोन आठवड्यांच्या आतली असावी, त्याहून लांबची तारीख येतच नाही. रात्रपाळीचा आठवडा, घरचे लग्न, गावची जत्रा टाळा. पहिले तीन दिवस सर्वांत जड जातात, डोके ठिकाणावर राहत नाही. म्हणून गाडी, सिग्नल, पॉइंट, फाटक यांवर काम करणाऱ्या बंधूंनी रेस्टला जोडून दोन दिवसांची रजा घ्यावी आणि त्या रजेतच सोडावी. ही तुमच्या आणि प्रवाशांच्याही सुरक्षेची बाब आहे.

एकदम सोडावी की हळूहळू, असे नेहमी विचारले जाते. ब्रिटनमध्ये यावर झालेली एक चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांना औषध आणि सल्ला मिळत होता. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के आणि हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ३९ टक्के टिकून होते. म्हणून तारखेला एकदम सोडलेली बरी. वीसाच्या पाच केल्या की माणूस त्या पाच जास्त खोल ओढतो. शिवाय २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की दिवसाला एकच सिगारेट ओढली तरी हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस सिगारेटींच्या जादा धोक्याच्या जवळजवळ निम्मा असतो. "मी फक्त एकच ओढतो" हा बचाव हृदयापुढे चालत नाही.

तारखेच्या आदल्या दिवशी शिल्लक बंडल पाण्यात भिजवून फेका. कोणाला देऊ नका, दिलेले परत मागता येते. काडेपेटी, लायटर, रक्षापात्र घरातून आणि लॉकरमधून काढा. कपडे धुऊन घ्या, त्यांना येणारा वासही तलफ जागवतो. आणि सांगा. घरात सांगा, जोडीदार कामगाराला सांगा, ज्या टपरीवर उधारी आहे त्या टपरीवाल्याला उधारी चुकती करून सांगा. लाजू नका. गुपचूप सोडणाऱ्याला गुपचूप परत धरणेही सोपे जाते.

तलफ आली की

तलफ ही लाटेसारखी असते. ती चढते, पाच-दहा मिनिटे राहते आणि बिडी ओढली नाही तरी उतरते. ती आपोआप उतरते, हे पुष्कळांना माहीतच नसते, कारण त्यांनी कधी ती उतरेपर्यंत वाट पाहिलेली नसते. तेवढा वेळ काढायचा आहे. घड्याळ बघा आणि ठरवा, दहा मिनिटे नाही. पेलाभर पाणी घोटघोट प्या. दहा वेळा सावकाश खोल श्वास घ्या. बिडी ओढताना आपण नकळत हेच करत असतो, त्यामुळे निम्मे समाधान तिथेच मिळते. जागा बदला. हाताला काम द्या. तोंडात बडीशेप, लवंग, दालचिनीचा तुकडा, आवळकाठी किंवा भाजलेले चणे टाका. सुपारी नको, तिच्याविषयी पुढे सांगतो.

कोणी बिडी पुढे केली तर काय बोलायचे तेही ठरवून ठेवा. "नको, आज नाही" म्हणालात तर उद्या पुन्हा पुढे येईल. "भाऊ, मी सोडली. आग्रह करू नका, पण चहाला तुमच्याबरोबर येतो" असे म्हणा. त्यात बिडीला नकार आहे, माणसाला नाही.

चहा, पोट आणि रात्रपाळी

तीन अडचणी अशा आहेत की त्यांवर सहसा कोणी बोलत नाही आणि तिथेच माणूस हरतो.

पहिली चहाची. धुरामुळे शरीरातले कॅफिन लवकर निचरून जाते. बिडी बंद झाली की तेवढाच चहा दुप्पट चढतो. झोप लागत नाही, छाती धडधडते, हात कापतात आणि माणसाला वाटते, बिडी सोडल्याने असे होते आहे. उपाय सोपा आहे. सोडल्या दिवसापासून चहा निम्मा करा. सहा कप असेल तर तीन, किंवा कटिंगचेही अर्धे.

दुसरी अडचण पोटाची. "बिडीशिवाय पोट साफ होत नाही" असे सांगणारे शेकड्यांनी भेटतात आणि ते खोटे बोलत नाहीत. निकोटिनने आतड्याला चालना मिळते. ती बंद झाली की काही दिवस मलावरोध होतो. पहाटे उठल्यावर दोन पेले कोमट पाणी प्या, जेवणात पालेभाजी, पेरू, भाकरी वाढवा, गरज पडल्यास रात्री इसबगोल घ्या. दोन-तीन आठवड्यांत पोट आपले आपण वळणावर येते. याच काळात तोंड येणे, भूक वाढणे, खोकल्यातून जास्त बेडके पडणे असेही होते. खोकला वाढला म्हणून घाबरू नका, छाती स्वतःला झाडून घेत असते. मात्र थुंकीत रक्त दिसले किंवा छातीत दुखले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

तिसरी रात्रपाळीची. रात्री दोन ते चार हा वेळ सर्वांत वाईट, आणि ड्युटीवर मोबाइल काढून बसायची मुभा नाही. तेव्हा तयारी घरूनच करून न्या. दिवसा अंधाऱ्या खोलीत पुरेशी झोप घ्या. डब्यात चणे-गूळ, एखादे फळ ठेवा. झापड आली की तोंडावर थंड पाणी मारा, उभे राहा, नियमात बसेल तेवढे चाला. जेवण झाल्याबरोबर चूळ भरून दात घासा. स्वच्छ तोंडाला धुराची आठवण कमी होते. पोस्टमन बंधूंनी बीटवरचा चहाचा थांबा बदलावा. जिथे उभे राहिले की हात खिशाकडे जातो, ते ठिकाण निदान महिनाभर टाळावे.

घरच्यांनाही एक विनंती. पहिले दोन आठवडे या माणसाची चिडचिड होईल. त्याला "यापेक्षा तू ओढत होतास तेच बरे होते" असे कृपा करून म्हणू नका. साधारण दोन ते चार आठवड्यांत स्वभाव मूळपदावर येतो.

औषधांची मदत

नुसत्या मनोनिग्रहावर सोडणारे आहेत, त्यांना नमस्कार. पण पाय मोडल्यावर काठी घेणे हा कमकुवतपणा नव्हे. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली बिडी लागते, त्याचे व्यसन जड समजावे. त्याने औषधाची मदत घेतलेली चांगली.

निकोटिनची चघळायची गोळी, म्हणजे गम, मिळते. तिच्यात निकोटिन असते, पण धूर, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड नसतो. कोणती आणि दिवसाला किती ते डॉक्टर सांगतील. ती वापरण्याची रीत मात्र नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण ती च्युइंग गमसारखी चावतात आणि मळमळते म्हणून फेकून देतात. हळूहळू चावायची, तोंडात चुरचुर झाली की गालात दाबून मिनिटभर ठेवायची, चुरचुर गेली की पुन्हा थोडी चावायची. अशी अर्धा तास चालवायची. रस भराभर गिळायचा नाही. घेण्याआधी पंधरा मिनिटे आणि ती तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोला घ्यायचे नाही, नाहीतर निकोटिन तोंडातून शोषले जात नाही. साधारण तीन महिन्यांत ती कमी करत बंद करायची. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

ब्युप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायच्या. ज्यांना कधी फिट आली आहे, त्यांनी ते आधी सांगावे. गाडी चालनाशी संबंध असलेल्या प्रत्येक बंधूने कोणतीही गोळी सुरू करण्यापूर्वी रेल्वेच्या डॉक्टरांना आपले काम काय आहे ते सांगावे. दम्यासाठी थिओफिलीनची गोळी घेणाऱ्यांनी बिडी सोडल्याचे डॉक्टरांना कळवावे, कारण धूर बंद झाल्यावर त्या गोळीचे रक्तातले प्रमाण वाढते आणि डोस बदलावा लागतो.

सल्ल्यासाठी सरकारची मोफत दूरध्वनी सेवा २०१६ पासून आहे. क्रमांक १८००-११-२३५६. बिडी-सिगारेटच्या पाकिटावरही तो छापलेला असतो. ज्याच्याकडे खात्याच्या दवाखान्याचे कार्ड नाही, त्याने जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्राची चौकशी करावी.

तंबाखू, मिश्री आणि गुटखा

बिडी सोडली आणि चुना-तंबाखू मळायला घेतली, तर पाटी बदलली, दुकान तेच राहिले. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के निघाले. म्हणजे आपल्याकडे मोठा शत्रू तोंडातच बसलेला आहे. भगिनींनो, मिश्री दातांसाठी चांगली ही समजूत काढून टाका. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि तिचीही तलफ येते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो चोरून मिळतो. सुपारी तर तंबाखूशिवायही तोंडाचा कर्करोग करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तसे जाहीर केले. तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, गालात पांढरा चट्टा असेल, तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर थांबू नका, दाखवा. ई-सिगारेटवर देशभर २०१९ पासून बंदी आहे, त्या वाटेलाही जाऊ नका.

नोंद, तारीख, पाणी, श्वास, जोडीदार या रीती तंबाखू आणि मिश्री सोडतानाही तशाच वापरायच्या.

पाय घसरला तर

बहुतेकांना एका प्रयत्नात जमत नाही. दोन महिने सोडलेली बिडी एखाद्या लग्नात, एखाद्या मयतीनंतर, दारूच्या बैठकीत परत तोंडात येते. तेव्हा "गेलेच सगळे" म्हणून बंडल विकत घेणे हा खरा पराभव. एक संप फसला म्हणून आपण युनियन बरखास्त केली काय? कुठे चुकले ते पाहिले आणि पुन्हा नोटीस दिली. तसेच इथे करा. ती एक बिडी कुठे, कोणाबरोबर, कशासाठी ते मस्टरमध्ये लिहा आणि त्याच रात्री पुन्हा बंद. दारूबरोबर बिडी आठवत असेल तर पहिले तीन महिने दारूही नको.

शाखेने काय करावे?

व्यसन चौघांत लागते, मग ते सोडायचे काम एकट्यावर का टाकावे? म्हणून शाखेपुढे मी चार गोष्टी ठेवतो.

पहिली, प्रत्येक युनिटमध्ये सोडणाऱ्यांच्या जोड्या लावाव्यात. एकाच पाळीतले, शक्य तर एकाच टेबलावरचे किंवा एकाच गँगचे दोघे. एकाची तलफ दुसऱ्याने ओळखावी आणि त्याला पाणी प्यायला घेऊन जावे. दुसरी, युनियनच्या कचेरीत आणि सभेत धूर नसावा. कायद्याने २ ऑक्टोबर २००८ पासून स्टेशने, कचेऱ्या आणि इतर सार्वजनिक ठिकाणी तशी बंदी आहेच, पण आपल्या कचेरीत ती आपण स्वतः पाळावी. सोडलेल्या माणसापुढे गमतीनेही बिडी धरू नये.

तिसरी, मागणीपत्रकात एक कलम घालावे. निकोटिन देऊन व्यसन सोडवण्याचा उपचार २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलेला आहे. तो आपल्या प्रत्येक दवाखान्यात खिडकीवर मिळाला पाहिजे आणि आठवड्यातून एक दिवस सल्ला देणारा माणूस बसला पाहिजे. त्या गँगमनला विचारलेली खिडकी दाखवणे हे आता प्रशासनाचे काम आहे. मात्र या मोहिमेचा उपयोग कोणाला चार्जशीट देण्यासाठी होता कामा नये, हेही त्याच कलमात लिहावे.

चौथी, विश्रांतीची मागणी उघडपणे करावी. बसायला जागा, प्यायला पाणी, स्वच्छ संडास आणि ठरलेल्या वेळी सुटी. माणसाला बसण्यासाठी बिडीचे निमित्त लागू नये.

आता एक रास्त शंका. बिडी वळणाऱ्या आपल्या भगिनींचे काय? सोलापूर, सिन्नर, निपाणी, गोंदिया इथल्या हजारो घरांची चूल बिडीवर पेटते, आणि त्याही कामगार आहेत. त्यांच्या छातीत तर रोज तंबाखूची धूळ जाते. १९७६ च्या कायद्याने त्यांच्या कल्याणासाठी बिडीवर बसवलेला उपकर २०१७ साली जीएसटीबरोबर रद्द झाला. त्यांना किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, औषधोपचार आणि दुसरे काम शिकण्याची सोय मिळावी, यासाठी त्यांच्या मोर्चात आपण चालले पाहिजे. पण आपण जास्त बिड्या ओढल्याने त्यांची मजुरी वाढत नाही. ती लढ्यानेच वाढते.

शेवटी एवढेच. बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. सक्ती कोणावर नाही. ज्याला वाटेल त्याने जेवणाच्या सुटीत तीन गोष्टी लिहाव्यात : आपले नाव, सोडण्याची तारीख आणि जोडीदाराचे नाव. पुढच्या मासिक सभेत त्या वहीतल्या माणसांची विचारपूस कामकाजाचा पहिला विषय म्हणून घ्यावी, अशी सूचना मी अध्यक्षांना करतो. जे टिकले त्यांचे अभिनंदन करू आणि जे घसरले त्यांना नवी तारीख देऊ.



कामगार एकजूट झिंदाबाद!